वाढत्या मापाची गाडी

पाचवीत शिवलेला निळा परकर मी आठवी संपेपर्यंत घातला. हे सांगायची मला लाज वाटत नाही. तेव्हाही फार दिवस वाटली नाही, कारण तो परकर दत्तूनानांनी शिवला होता.

आम्हाला शेत नव्हतं. दिवाळी उरकली की आई आणि दादा, म्हणजे वडील, ऊसतोडीला जायचे. कोयते, भांडी, गोधड्या ट्रकमध्ये चढायच्या, घराला कुलूप लागायचं, आणि मी नि धाकटा भाऊ मावशीकडं. आमच्या वाशी तालुक्यात अशी कुलपं गल्लीगल्लीत दिसायची, म्हणून कुणी आमची कीव केली नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी दोघं परत यायची ती ओळखू न येण्याइतकी काळी पडून. मग शाळा उघडायच्या आधी आई एक कापड घ्यायची आणि मला धरून नानांच्या दुकानात न्यायची.

"नाना, पोरगी वाढती हाय. पुरंल असं शिवा."

नाना चष्म्यावरून बघायचे. "कवापतुर पुरवायचं म्हणता?"

"शाळा हाय तवर."

"मग परकर न्हाय होत. तंबू शिवावा लागंल."

तंबू त्यांनी शिवला नाही. पण परकराच्या खाली आत एवढं कापड दुमडून ठेवलं की चालताना तो पायावर घंटेसारखा हलायचा. दर जूनला आई तो घेऊन जायची, नाना एक दुमड उसवायचे, परकर टाचेकडं सरकायचा. वरचं कापड धुऊन धुऊन विटलेलं आणि उसवलेली पट्टी मात्र गर्द निळी. सातवीत माझ्या परकराला असे दोन पट्टे होते आणि वर्गातल्या पोरी मला 'पट्टेवाली' म्हणायच्या. एकदा मी दुकानाच्या पायरीवर बसून रडले. नानांनी मशीन थांबवलं नाही. म्हणाले, "ज्यांचं परकर नवं हायत त्यांना इचार, गेल्या साली केवढी होतीस म्हणून. सांगता येतंय का बघ. तुला येतंय की."

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. आज परंड्याला एका हायस्कुलात शिकवते. मला घडवलं कुणी असं कुणी विचारलं तर मी आई-दादांचं नाव घेते, तेच खरं आहे. पण वाढायची लाज वाटू द्यायची नाही, हे मला त्या पायरीवर कळलं. नाना गेल्या पावसाळ्यात गेले. म्हणून हे लिहायला बसले.

नानांचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेले होते. घर शेतकऱ्याचं. वडिलांनी विचार केला, हा औतामागं चालणार नाही, याला बसून करायचं काम द्यावं. म्हणून बार्शीला एका शिंप्याकडं ठेवलं. परत आले ते हातानं फिरवायचं मशीन घेऊन. एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं कापड सरकवायचं. जन्मभर असं केल्यामुळं त्यांचे खांदे पैलवानासारखे झाले होते. कपड्याचा लई शौक. पांढरा शर्ट, दोन खिसे, आणि पायजम्याला अशी इस्त्री की हात लावायची भीती वाटावी. कुणी म्हणालं, "नाना, इस्त्री कशी टिकती वो तुमची?" तर म्हणायचे, "माझं पाय चालत न्हाईत म्हणून टिकती. तुमचं चालत्यात, तुमची बघा."

गावातली डांबरी जिथं संपते आणि शेताकडची गाडीवाट सुरू होते, तिथं त्यांचं दुकान. दुकानाला पाटी नव्हती. "पाटी कशाला? म्या कुठं हलतोय का?" हे त्यांचं उत्तर. पोरीबाळींची मापं त्यांची भावजय घ्यायची. नाना तोंड दुसरीकडं करून नुसते आकडे ऐकायचे आणि एकही लिहून ठेवायचे नाहीत. 'आधी माप' हा त्यांचा शब्द. कुणी सांगत आलं की अमक्याच्या पोराला मोठी नोकरी लागली, तर नाना विचारायचे, "माप घेतलंस का?" म्हणजे, खात्री केलीस का. नोकरीच्या मुलाखतीला जायचं म्हणून मी त्यांच्याकडं ड्रेस शिवला तेव्हा त्यांनी विचारलं, "आत कापड सोडू का?"

"आता कशाला नाना? आता किती वाढणार मी?"

"तुला काय ठावं," म्हणाले, आणि सोडलंच.

नानांचा धाकटा भाऊ हणमंत हे त्यांचे पाय होते. हणमंतकाका नानांना पाठीवर घेऊन शाळेत सोडायचे, जत्रेला न्यायचे, दाढीला न्यायचे. पुढं तीनचाकी सायकल आली, हातानं पायडल फिरवायची. पण ती डांबरीपुरती. आमची जमीन काळी; पावसाचा एक सडाका झाला की चाकाला एवढा चिखल धरते की चाक फिरायचं थांबतं. त्यामुळं शेतात जायचं तर बैलगाडी, नाही तर ट्रॉली, नाही तर हणमंतकाकांची पाठ. नाना शेतात वर्षातून एकदाच जायचे, येळवसला.

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी गाव रिकामं होतं, सगळे शेतात. कडब्याची खोप करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, डाळी-पालेभाज्यांची भज्जी, ताकात आंबवलेली आंबील, बाजरीचे उंडे खायचे. ज्यांना शेत नाही ते कुणाच्या तरी शेतात पाहुणे. आई-दादा कारखान्यावर असायचे, पण आम्हा दोघा भावंडांना नानांचा निरोप दर साली ठरलेला: "घरात चूल पेटवायची न्हाय. आमच्या रानात यायचं."

मी कॉलेजात होते त्या साली येळवसच्या आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला. ट्रॅक्टर-ट्रॉलीत आम्ही सगळे, भांडी, आणि मधोमध सतरंजीवर नाना. त्यांचं शेत ओढ्यापलीकडं. ओढ्यात उतरायला दोन्हीकडून दगडी ताली, म्हणजे रचलेले बांध, मधून बैलगाडी जाईल एवढीच वाट. ट्रॅक्टर तिथवर आला आणि अडला. पुढं चिखल. मग बायका उतरल्या. हणमंतकाकांनी आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मोठी घागर, घोंगडीत गुंडाळून डोक्यावर घेतलं. पूजेची वेळ टळायला नको म्हणून घाई चाललेली. काका म्हणाले, "नाना, तुमी थांबा हितंच. दुसऱ्या खेपेला नेतो."

नाना म्हणाले, "जा की. म्या काय आंबील हाय का आंबायला."

आम्ही हसलो आणि गेलो. पूजा झाली, शेताला आंबील शिंपडत फेरी झाली, मग काका घाईनं मागं गेले. मी त्यांच्याबरोबर होते. नाना ट्रॉलीत फळीला टेकून बसले होते, खाली चाकाच्या सावलीत एक कुत्रं. काकांनी पाठ वळवून खाली वाकवली, जन्मभर वाकवत आले तशी.

"ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "तुझा गुडघा कसा वाजतोय ते हितनं ऐकू येतंय. जेवाण हिकडंच आण."

त्यांनी ट्रॉलीतच जेवण केलं. भज्जीत मीठ कमी आहे म्हणाले. परतताना मी जवळ बसले होते, तेव्हा माझ्याकडं न बघता एवढंच बोलले, "आजवर मला नेलंय. म्या कुठं गेलो न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून नानांनी गाडी बेतायला घेतली. बेतायला हा त्यांचाच शब्द. कापड बेततात तशी. रस्त्यावर न्यायची नाही, परवाना नको, पाटी नको. दुकानापासून शेतापर्यंत, चिखलातून, ओढ्यातून, आणि चालवणारे नाना. एवढीच अट. आणि एक अट ते कुणाला सांगायचे नाहीत पण सगळ्यांना कळली होती: तीनचाकीवरून गाडीच्या सीटवर सरकताना कुणाचा हात लागता कामा नये. म्हणून पहिलं माप त्यांनी घेतलं ते सीटच्या उंचीचं, तीनचाकीशी बरोबर जुळणारं.

हे बेतणं काही वर्षं चाललं. आता मला वाटतं, तेच त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे दिवस असावेत. गावातली त्यांच्या वयाची माणसं पारावर पत्ते कुटायची. नाना खाकी कागदावर गाडी कापायचे. दार कागदाचं, सीट कागदाची, चाक पुठ्ठ्याचं. गिऱ्हाईक पँट अल्टर करायला यायचं आणि गाडीला सल्ला देऊन जायचं. कुणी म्हणायचं टप पाहिजे, कुणी म्हणायचं मागं कडबा बसला पाहिजे. नाना ऐकून घ्यायचे.

"नाना, हॉर्न कसला बसवणार?"

"तुमच्यासारखं वाटंत उभं ऱ्हाणारं लई हायत. मोठाच बसवावा लागंल."

पुतण्यानं त्यांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवले. परदेशातली माणसं मोठ्ठ्या चाकांच्या गाड्या घेऊन चिखलात, दगडांवर, नदीत घालतात आणि टाळ्या पिटतात. नानांनी सगळं नीट बघितलं. "ही माणसं मुद्दाम चिखलात जात्यात," ते म्हणाले. "आन् आपुन जल्मभर चिखलातनं बाहेर याय बगतोय." तरी त्यातून त्यांनी घ्यायचं ते घेतलं: पोट उंच पाहिजे, चाकाला दात पाहिजेत, वजन खाली पाहिजे.

कागद पुरेना तेव्हा दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत चुन्याची फक्की टाकून त्यांनी गाडी खऱ्या मापाची आखली. मग माणसं त्यात बसवायला लागले. पाट टाकायचे, म्हणायचे बस. गुडघा कुठं येतो, कोपर कुठं लागतं, बघायचे. मी सुट्टीला आले की मलाही बसवायचे. "मॅडम, मागं सरका. मास्तरकी लागल्यापास्नं जागा जास्त लागाय लागलीय तुमाला." रस्त्यानं जाणारी म्हातारी माणसं दम खायला म्हणून त्या चुन्याच्या गाडीत बसायची आणि विचारायची, "सुटायचा टाइम काय?" शेरडं त्यावरून गेली की एखादं चाक पुसायचं. नाना पुन्हा आखायचे, आणि प्रत्येक वेळी काहीतरी बदलायचे. एकदा मी आले तर ड्रायव्हरच्या शेजारी एक गोल वाढला होता.

"हे काय नाना?"

"बिंदग्याची जागा. आंबील हिंदकळू ने."

या सगळ्यात एकच माणूस त्या आखणीत कधी बसला नाही. हणमंतकाका यायचे, दुकानाच्या दाराशी उभे राहायचे, फक्कीच्या रेघेला पाय न लावता वळसा घालून जायचे. एके दिवशी माझ्यासमोरच म्हणाले, "नाना, म्या मेलो का, म्हणून गाडी पायजे तुमाला?"

नाना काज करत होते. सुई थांबली. "तू जित्ता हायस म्हणूनच पायजे," म्हणाले. "तू मेल्यावर कुणाला दाखवू?"

काका तसेच वळसा घालून निघून गेले. पण ओढ्यातल्या वाटेचं माप घ्यायची वेळ आली तेव्हा नानांची टेप घेऊन तेच गेले, आणि बरोबर माप घेऊन आले.

वाशीचा सलीम वेल्डर म्हणजे नानांचं जुनं गिऱ्हाईक. ईदचे कपडे नानांकडंच. भंगारातून एका जुन्या जीपचा सांगाडा मिळाला, इंजिन दुसरीकडून. क्लच, ब्रेक, रेस, तिन्ही हातात. लोक म्हणायचे, दोन हातांनी एवढं सगळं कसं जमंल? नाना मशीनच्या चाकाकडं बोट करायचे. "एका हातानं फिरवायचं, एका हातानं सरकवायचं. जल्मभर दुसरं काय केलंय?"

सांगाडा रुंदीत कापून जोडायचा होता. नानांनी खाकी कागदाचा बेत सलीमला दिला. सलीमनं ओढ्याचं माप आणि बेत शेजारी ठेवले आणि म्हणाला, "नाना, दोनों बाजूनं ये चार-चार बोटं जास्ती कायकू?"

"असू दे. पुढं लागंल."

"गाडी बी वाढती क्या?"

"बसणारी वाढत्यात. तू कर."

सलीमनं केलं. नानांच्या मापाला कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

गाडी उभी राहिली तो दिवस मला बघायला मिळाला नाही, पण पहिल्यांदा ओढ्याकडं नेली त्या दिवशी मी होते. उन्हाळा होता, वाट कोरडी. हिरवा रंग, मागं कापडी टप नानांनी स्वतः शिवलेला, त्याला पायजम्यासारखी कडक शिवण. नाना तीनचाकीवरून सीटवर सरकले. हणमंतकाकांचे हात सवयीनं पुढं आले आणि त्यांनी ते मागं घेऊन खिशात घातले. गाडी सुरू झाली. निम्मं गाव मागं, त्यात सलीमही.

ओढ्याच्या ताली आल्या. नानांनी गाडी हळू खाली उतरवली. आणि दोन्हीकडून दगडाला लोखंड घासल्याचा आवाज आला. गाडी दोन तालींच्या मध्ये अडकली. चार बोटं इकडं, चार बोटं तिकडं.

मला एका क्षणात कळलं, आणि बहुतेक नानांनाही. कापडात जास्तीचं सोडलं तर ते आत दुमडून राहतं, कुणाला दिसत नाही, वेळेला उपयोगी पडतं. लोखंडात सोडलेलं बाहेरच राहतं. जन्मभर दुसऱ्यांच्या वाढत्या पोरांसाठी आत कापड सोडणाऱ्या हातानं गाडीलाही सोडलं होतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "नाना, वाढली वो गाडी." हशा पिकला. हणमंतकाका पुढं झाले, पाठ वळवायच्या बेतात.

"मला उचलू नगंस," नाना म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, पण मान लाल झाली होती. गळ्यातली टेप काढली, सीटवरून वाकून स्वतः माप घेतलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग म्हणाले, "हणमंतानं माप बरोबर आणल्यालं. शिवण माझी चुकली. सलीम, उसव."

"नाना, लोखंड है. उसवता येत नै."

"कापता येतंय का?"

"कापता येतं."

"आन् परत जोडता?"

"जोडता येतं."

"मग उसवणं दुसरं काय असतंय?"

गाडी त्यांनी स्वतः मागं घेतली. उलट्या दिशेनं, चढावर, लोकांच्या हशातून. हॉर्न मात्र तेव्हा वाजवला, चांगला लांब.

त्यानंतर काही महिने गाडी सलीमकडं पडून होती. मध्ये नाना आजारी पडले. गावात बोलणं सुरू झालं की नानांचा नाद सुटला. मी फोन केला की म्हणायचे, "आत घ्यायला टाकलीय. तुझा परकर मोठा करायला सोपा होता बग. ल्हान करणं अवघड."

मी त्या साली येळवसला रजा काढून आले. दोन दिवस आधी पाऊस झाला होता. ओढ्यात घोट्याएवढं पाणी आणि काठाला लोण्यासारखा चिखल. ट्रॅक्टर मागंच थांबला. बायका उतरून डोक्यावर पाट्या घेऊन उभ्या. हणमंतकाकांच्या डोक्यावर घोंगडीत गुंडाळलेलं बिंदगं. सगळं त्या सालासारखंच. फक्त ट्रॉलीत नाना नव्हते. ते मागून आले, हिरव्या गाडीत, आजारपणानं उतरलेले, पण शर्ट कडक.

"बाजूला व्हा," म्हणाले. "पयल्या खेपेला कुणी बसायचं न्हाय."

कुणी बसलं नाही. गाडी तालींच्या मध्ये शिरली. दोन्हीकडं दगड होते आणि लोखंड होतं आणि मधून उजेड दिसत होता. पाण्यात चाकं गेली. पलीकडच्या चिखलात एकदा मागचं चाक जागीच फिरलं, चिखल उडाला, इंजिनचा आवाज चढला. काकांनी डोक्यावरचं बिंदगं दोन्ही हातांनी आवळून धरलं. मग चाकानं धरलं आणि गाडी वर चढली, ज्वारीच्या कडेनं गेली, खोपीपाशी पोचली.

आम्हाला वाटलं आता नाना थांबतील. ते थांबले नाहीत. शेतातच गाडी वळवली आणि परत आले. ओढा पुन्हा ओलांडून बरोबर काकांच्या पुढ्यात गाडी उभी केली.

"हणमंता, चल. दुसऱ्या खेपेला नेतो."

"म्या येतो की चालत."

"बिंदगं सांडशील. त्याची जागा केल्याली हाय, ठेव तिथं. आन् बस."

काका उभेच होते. नाना इंजिन चालू ठेवून वाट बघत राहिले, समोर बघत, गिऱ्हाईक माप द्यायला सरळ उभं राहीपर्यंत थांबायचे तसे. शेवटी काकांनी बिंदगं त्या गोलात ठेवलं. ते नीट बसलं. मग स्वतः मागं चढले आणि दोन्ही हातांनी टपाचा दांडा धरला, पहिल्यांदा आगगाडीत बसलेल्या माणसासारखा.

मला नाना आठवतात ते असे पाठमोरे. पांढरी कॉलर, वर रुंद खांदे, मागं दांडा धरून बसलेला म्हातारा भाऊ, आणि गाडी हलत हलत ओढ्यात उतरते आहे. पुढं त्यांनी शेतात काय केलं, भज्जीत मीठ किती होतं म्हणाले, हे मी विसरले. नाही, एक आठवतं. मी चालत ओढा ओलांडून पोचले तेव्हा माझ्या चिखलानं भरलेल्या साडीकडं बघून म्हणाले, "मॅडम, तिसऱ्या खेपेला थांबायचं की."

त्या येळवसला दत्तूनाना आपल्या शेतात स्वतः गाडी चालवत गेले. त्यांना कुणी नेलं नाही.